पत्र्याला न लागलेलं पाणी

यंदाही होड्या वर ओढल्या गेल्या, त्यांच्यावर माडाची झापं चढली आणि माझं डोकं फिरलं. दर्या बंद झाला की मालवणात सगळ्यांनाच थोडी सुस्ती येते. जाळी दुरुस्तीला निघतात, डब्यातले सुके बांगडे विस्तवावर येतात, दुपारच्या झोपा लांबतात. मला मात्र नेमक्या याच दिवसांत चार वर्षांपूर्वीचा, दोन हजार सहा सालचा पावसाळा आठवतो आणि समोर जो सापडेल त्याच्यावर मी खेकसते. घरच्यांना आता सवय झाली आहे. "हिचा आषाढ लागला," असं एकमेकांना सांगून ते आपापल्या कामाला लागतात.

पावसाबद्दल लोक फार गोड लिहितात. मला ते जमायचं नाही. आमच्याकडे पाऊस म्हणजे मिठाच्या बरणीला सुटलेलं पाणी, दहा काड्या ओढल्यावर पेटणारी अकरावी काडी, फुगून चौकटीत अडकलेलं न्हाणीघराचं दार, आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आलेली पांढरी बुरशी. चार महिने आपण फक्त पुसत असतो. त्यात मी पाण्याशी आणखी एक भांडण उकरून काढलं होतं, आणि तेही पीएच.डी.साठी.

मी सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या खडकाळ पठारावरच्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिकवता शिकवता संशोधन करायचं मनाने घेतलं आणि मुंबईच्या एका सरांकडे नाव नोंदवलं. श्वासातून आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून जो बाहेर पडतो, तो पाण्यात विरघळवायचा. त्या पाण्यात कथिलाची पट्टी बुडवायची, तेच कथिल जे कल्हईवाला पातेल्याला आतून लावतो. मग वीज सोडायची. सगळं नीट जमलं तर त्या नकोशा वायूचं फॉर्मिक आम्ल होतं. तांबडी मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते हेच. दोडामार्गाकडचे रबरवाले चीक गोठवायला हेच आम्ल विकत आणतात. माझा विषय ऐकून लोक आधी कौतुकाने बघत आणि दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत.

या सगळ्या खटाटोपात पाण्याची जागा मोठी चमत्कारिक आहे. वायूचं आम्ल व्हायचं तर त्याला हायड्रोजन लागतो, आणि तो पुरवणारं पाणीच. म्हणजे पाण्यावाचून गाडी हलत नाही. पण त्याच पट्टीवर, त्याच विजेवर पाणी स्वतःही फुटायला टपलेलं असतं. ते फुटलं की त्यातला हायड्रोजन बुडबुड्यांनी वर उडून जातो आणि आपण वायूसाठी सोडलेली वीज पाणीच खाऊन टाकतं. वाढायला बोलावलेल्याने स्वतःच पंगतीत बसून सगळं फस्त करावं, तसं. एकदा मुंबईत सरांच्या प्रयोगशाळेत चिडून मी पाणी जवळजवळ काढूनच टाकलं, दुसऱ्याच एका द्रवात प्रयोग लावला. बुडबुडे थांबले. आम्लही थांबलं. मग मुकाट्याने थेंब थेंब पाणी परत घातलं, तेव्हा कुठे आम्ल दिसायला लागलं. त्या दिवशी लोकलची वाट बघताना मला पाण्याचा इतका राग आला होता की तहान लागूनही मी बाटली उघडली नाही.

त्याहून वाईट म्हणजे पाणी कधी एकटं येत नाही. त्यात लोखंडाचा कण जरी असला, डोळ्याला न दिसणारा, जिभेला न कळणारा, तरी वीज सोडल्यावर तो सरळ पट्टीवर जाऊन बसतो. मग तिथे पाण्याला फुटायला मोकळं रानच मिळतं. म्हणून पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून घेतलेलंच वापरायचं. आम्ही त्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणायचो. दाजी म्हणायचे 'मशिनीतला पाणी'.

दाजी आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. तेव्हा निवृत्तीला वर्ष उरलेलं. घरचा धंदा मासेमारीचा, भाऊ समुद्रावर, पण दाजींना होडीत पाय ठेवला की मळमळायचं. म्हणून कॉलेजात लागलो, हे ते स्वतःच हसत हसत सांगत. प्राचार्यांसमोर मला "मॅडम" म्हणायचे आणि प्राचार्यांची पाठ वळली की लेकीला म्हणावं तसं "बाय". पाणी चाखून ते कुठल्या विहिरीचं ते सांगायचे. खाडीचं खारं पाणी या उन्हाळ्यात कुणाच्या परसापर्यंत पोचलंय, हे त्यांच्या जिभेला त्या घरच्या लोकांच्याही आधी कळायचं.

पावसाळ्यात ते माझ्यासाठी घरून कुळथाच्या पिठीचा वेगळा डबा आणत, वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. तो डबा धुऊन परत देताना मी त्यात कधी दोन लाडू, कधी मूठभर कोकमं घालायची. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि दाजी या बाबतीत फार कडक. एकदा घाईत मी नुसताच डबा परत दिला, तर दुसऱ्या दिवशी डोळे बारीक करून म्हणाले, "बाय, काल डबो उपाशीच धाडलंस गो?" मला हसू आवरेना.

त्या वर्षी माझी मुदत संपत आली होती. दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. सरांची शेवटची अट एकच होती: एकाच पद्धतीने केलेल्या तीन प्रयोगांचं उत्तर ओळीने सारखं आलं पाहिजे. तीन जुळली की प्रबंध पुढे, नाहीतर नोंदणी रद्द. आणि हे गणपतीच्या सुट्टीआधी. मे महिन्यात एकदा सगळं असं काही जुळून आलं होतं की पट्टी शांत होती, बुडबुडे तुरळक, आणि परमँगनेटचा जांभळा रंग थेंबागणिक उडत होता. रंग जितका उडेल तितकं आम्ल झालं असं समजायचं. मी आणि दाजी दोघंही त्या नळीकडे बघत बसलो होतो. मला वाटलं, आता काय, तीनदा करायचं तेवढं राहिलं.

जूनमध्ये भारनियमन वाढलं. सकाळी वीज नाही, दुपारी नाही, आली तर नळाला पाणी नाही. डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र तापायलाच तासभर घ्यायचं, तापलं की वीज जायची. प्रयोगाला बॅटऱ्यांवर वीज मिळत होती, पण पाणी मिळत नव्हतं. बाहेर धो धो पाऊस, खिडकीतून तुषार आत, छत्र्यांची व्हरांड्यात तळी, आणि मी अर्धा लिटर पाण्यासाठी तडफडतेय. एक दिवस कॅन पालथा करून बघितला, थेंब नाही. तेव्हा मी दाजींना म्हणाले, "काय करायचं ते करा, पण यापुढे हा कॅन मला रिकामा दिसता कामा नये."

"दिसाचो नाय," दाजी म्हणाले.

आणि खरंच दिसला नाही. रोज सकाळी कॅन गळ्यापर्यंत भरलेला. मी विचारलंही नाही कसा. गरज होती ती गोष्ट समोर आली की आपण विचारत नाही.

मग सुरू झाले बुडबुडे. वीज सोडली की पाच मिनिटांत पट्टी फसफसायला लागायची. परमँगनेट जांभळाच्या जांभळा. मी पट्टी घासली, नवी कापली, कल्हईवाल्याकडून नवं कथिल आणलं. सोडावॉटरच्या कारखान्यातून आणलेल्या वायूच्या टाकीवर संशय घेतला, टाकी बदलली. तारा बदलल्या. वीज कमी केली, वाढवली. बोटांची टोकं परमँगनेटने तपकिरी झाली, जेवताना माझी मलाच शिसारी यायची. सगळा जुलै असा गेला. सरांना फोन केला की ते शांतपणे म्हणत, "पाणी बघा." आणि मी चिडून सांगे, "पाणी डिस्टिल्ड आहे, सर." किती ठामपणे सांगत होते मी! आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी वर्गातून लवकर सुटले. मागच्या व्हरांड्यात दाजी स्टुलावर उभे होते. वर पत्रा, तीनच वर्षांपूर्वी घातलेला, पण खाऱ्या वाऱ्याने कडांना तांबूस झालेला. त्या कडेवरून पडणारी धार खालच्या कॅनमध्ये जात होती. कॅनच्या तोंडाला स्वच्छ धुतलेलं मलमल बांधलेलं.

"दाजी, हे काय?"

"पाणी भरतंय. लायट नाय मा." त्यांनी वळून हसून बघितलं. "आदी तासभर व्हावाक दिलंय, मगेच कॅन लावलंय. चाखान बघ. ह्याच्यापरास साफ पाणी खंय गावतला?"

"कधीपासून?"

"लायट जावक लागली तेवासून."

मी एरवी दाजींशी मालवणीतच बोलते. पण राग आला की माझी भाषा बदलते, एकदम पुस्तकी होते, कचेरीत तक्रार द्यायला गेल्यासारखी. "तुम्हाला काही कळतं का?" मी ओरडले. "गंज उतरलाय त्या पाण्यात! दोन महिन्यांच्या कामाची माती केलीत तुम्ही. हा निव्वळ अडाणीपणा आहे!" मागे दुसऱ्या वर्षाच्या मुली प्रॅक्टिकलला येऊन उभ्या होत्या. पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा चालू राहिला.

दाजी स्टुलावरून उतरले. मलमल सोडून पिळलं. सगळा कॅन गटारात ओतला आणि पालथा घालून ठेवला.

"चुकला, मॅडम," ते म्हणाले. तिथे प्राचार्य नव्हते.

घरी जाताना सड्याच्या उतरणीवर मला माझंच वाक्य आठवलं. कॅन रिकामा दिसता कामा नये. काय करायचं ते करा. मीच म्हटलं होतं, आणि दाजींना आठवत नसेल असं शक्यच नव्हतं. ते त्यांना मुलींसमोर माझ्या तोंडावर टाकता आलं असतं. त्यांनी नाही टाकलं. पाणी शुद्ध कशाला म्हणायचं, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणीतरी समजावलं असेल असं मी गृहीत धरलं होतं. त्यांच्या लेखी आभाळातलं पाणी म्हणजे शेवटचा शब्द. आणि आभाळातलं पाणी शुद्धच होतं, चूक पत्र्याची होती. एवढं मला उतरण संपेपर्यंत कळलं. वळून जावं, माफी मागावी, हेही कळलं. पाऊस होता, उशीर झाला होता, मी गेले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या मोकळ्या जागेत चार बांबू रोवलेले दिसले. त्यांना चारी टोकांनी एक जुनं पांढरं लुगडं बांधलेलं, मध्ये समुद्रावरचा गुळगुळीत गोटा ठेवून खोलगट केलेलं, आणि खोलगट भागाखाली काचेची बरणी. धार नेमकी बरणीत. दाजी छत्री घेऊन शेजारी उभे.

"आठ पाण्यातसून काढलंय लुगडा, साबण न लावता," त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "आभाळातसून लुगड्यात, लुगड्यातसून बरणीत. पत्र्याक लागूक नाय, मॅडम."

मी फक्त "बरं" म्हणाले.

त्या पाण्यात पट्टी शांत राहिली. बुडबुडे तुरळक. परमँगनेट उडत गेलं, मे महिन्यातल्यासारखं. उत्तर वहीत लिहिलं. एक दिवस सोडून पुन्हा केलं, काचसामान धुवायलासुद्धा तेच पाणी वापरलं, आणि उत्तर तंतोतंत आलं. दोन झाली. आता एक. बरणीत तळाला बोटभर पाणी उरलं होतं, पण त्याचं काय, उद्या पुन्हा भरेल. पावसाळ्यात मालवणात पाण्याची काळजी कोण करतो?

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

नुसतं ऊन नव्हे, लख्ख. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ वाहिले गेले, झापं उतरली, होड्या पाण्यात गेल्या. बाजारात ताजी मासळी आली, भाव पाडून पाडून लोक हसत होते. शेजारीण म्हणाली, काय छान उघडलंय! मला तिचा गळा धरावासा वाटला. मालवणात ऊन पडलं म्हणून रडणारी त्या वर्षी मी एकटीच असेन. मध्येच एखादी सर यायची, लुगडं ओलं होईपर्यंत निघून जायची. दाजी रोज सकाळी खोलगट भागात हात फिरवून बघायचे आणि कोरडाच हात घेऊन आत यायचे.

गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं. फसफसलं. कोल्हापूरहून दोन कॅन मागवले, पण आधीच्या पावसात घाटात आलेली दरड अजून उपसत होते आणि टेंपो फोंडाघाटाच्या वरच अडकला. रोज फोन, रोज "आज सुटेल". वीज आली म्हणून यंत्र लावलं, तर त्याची नळी फुटली. मला आता आठवतं ते एवढंच, की मी खिडकीत उभी राहून निळ्या आभाळाला शिव्या घालत होते, त्याही पुस्तकी मराठीत.

मुदत संपली. सरांना फोन केला. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "दोनावर मी सही करू शकत नाही हो," ते म्हणाले. "पुन्हा नाव नोंदवा, पहिल्यापासून सुरू करू." मी नाही नोंदवलं. वहीसकट पट्टी कपाटात टाकली. आणि गणपती आले तसा पाऊस आला, असा आला की आरतीचे शब्द ऐकू येईनात. कोल्हापूरचे कॅनही आले. एक मी हातपाय धुवायला वापरला.

पुढच्या वर्षी दाजी निवृत्त झाले. त्या वर्षभरात त्यांनी मला एकदाही "बाय" म्हटलं नाही. दार लोटलेलं असलं तरी "मॅडम". डबाही आला नाही. आणि मीही माफी मागितली नाही. रोज ठरवायची, रोज काहीतरी निघायचं. माणूस रोज समोर असला की बोलणं उद्यावर टाकता येतं.

पण निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आषाढात ते भिजत दारात आले. हातात काचेची मोठी बाटली, बुचाला मेण लावलेली. "मॅडम, पत्र्याक लागूक नाय," म्हणाले, बाटली उंबऱ्यात ठेवली आणि चहाला न थांबता गेले. काही दिवसांनी बाजारात भेटले तेव्हा विचारलं, "वापरलात काय? बाटली तेवडी परत धाडा." मी म्हटलं, हो, वापरलं, धाडते. खोटं होतं ते. बाटली मेणासकट कपाटात होती. दुसऱ्या वर्षी दुसरी आली, मग तिसरी. दरवर्षी तेच विचारणं, दरवर्षी तेच उत्तर. जे हवं होतं तेव्हा मिळालं नाही, ते आता दरसाल घरपोच येत होतं. त्यांना काय, त्यांना वाटत असेल माझं काम चालूच आहे, असं म्हणून मी कपाट लावून घ्यायची.

यंदा चौथी आली. परवा पोस्टात दाजी भेटले, पेन्शनच्या रांगेत. "वापरलात काय, मॅडम?" मी पुन्हा हो म्हटलं. पण या वेळी त्यांनी बाटली परत मागितली नाही, नुसते रांगेत पुढे सरकले, आणि घरी आल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवणात लक्ष लागेना. काल रविवार. कॉलेज उघडून घेतलं, जुनी पट्टी काढली, घासली. यंदाच्या बाटलीचं मेण फोडलं. सगळी काच त्याच पाण्याने धुतली, वायू सोडला, वीज सोडली. पट्टी शांत. मग थेंब थेंब परमँगनेट. उत्तर वहीत लिहिलं, आधीच्या दोन उत्तरांच्या खाली. तिन्ही सारखी.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. चार वर्षं उशिरा जुळलेलं हे उत्तर घेऊन मी कुठे जाऊ? सर कधीच निवृत्त झाले, माझं नाव तिथल्या कुठल्याही यादीत नाही. जगात एकच माणूस होता ज्याला या आकड्याचा अर्थ कळला असता, आणि त्याला तर मी चार वर्षं खोटंच सांगत होते. आज सकाळी रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि निघाले.

दाजी पडवीत भावाचं जाळं शिवत बसले होते. मी बाटली समोर ठेवली.

"दाजी, आधीच्या तीन बाटल्यो अजून भरलेल्योच आसत. मी तुमका खोटा सांगलंय."

"म्हायत आसा," ते जाळ्यातून नजर न काढता म्हणाले. "बाटली परत इली नाय, म्हंजे पाणी वापरूक नाय."

"ही काल वापरली. तिसरा जुळला."

त्यांनी सुई थांबवली. "मगे डॉक्टरकी?"

"ती गेली, दाजी. ती तेवाच गेली."

"हूं," ते म्हणाले, आणि सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"कॅन रिकामो दिसता नये, असा मीच सांगलेला. आनि त्या चेडवांसमोर तुमका अडाणी म्हटलंय." या वेळी माझी भाषा बदलली नाही. "आनि आता ही बाटलीय रिकामीच घेवन इलंय. आत काय घालूचा ता सुचलाच नाय."

दाजींनी बाटली उचलली, उजेडाकडे धरून तळापर्यंत बघितली. थेंब नव्हता.

"बाय," ते म्हणाले, "माका रिकामीच व्हयी होती."